नवं-जुनं

नोव्हेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारची संध्याकाळ. फाट्यावरच्या टपरीवर आम्ही चार-पाच जण चहा घेत होतो. एका पोट्ट्यानं मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली : जुलै ते सप्टेंबर 2025 या तिमाहीत देशाची अर्थव्यवस्था 8.2 टक्क्यांनी वाढली, रिकव्हरी जोरात आहे. माझा धुऱ्याचा, म्हणजे वावराच्या बांधावरचा, शेजारी बशीतला चहा फुंकत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "कोनाच्या दारी गेली बे जीप?"

बाकडं हललं इतके सगळे हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

गावाबाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्या राळेगाव तालुक्यात रिकव्हरी म्हणजे सावरणं नव्हे, रिकव्हरी म्हणजे वसुली. मार्चातल्या भर दुपारी बँकेची पांढरी जीप चावडीपुढे उभी राहते, साहेब उतरतो, यादी निघते आणि माणसं मागच्या दारानं वावराकडे निघतात, ती रिकव्हरी. घरात उरलेली बाई पदर सारखा करत सांगते, "ते घरी नाही, यवतमाळले गेले." त्या जीपच्या मागच्या सीटवर यादी मांडीवर घेऊन मी 33 वर्षं बसलो. 1987 ते 2020. पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी सोसायटीचा गटसचिव होतो. गाव मला सेक्रेटरी म्हणायचं, अजून म्हणतं.

सोसायटीच्या नोकरीनं मला एक विद्या शिकवली. कॉलेजात ती शिकवत नसावेत. तिचं नाव नवं-जुनं.

समजा एका कास्तकारावर 90 हजारांचं पीककर्ज आहे. कापूस आला तसा गेला, पैसे दवाखान्यात आणि पोरीच्या लग्नात उठले. 31 मार्चच्या आत भरणा झाला नाही तर खातं थकीत, पुढचं कर्ज बंद, आणि आणखी ओढलं तर सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला. भरणा झाला तर डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. मग तो काय करतो, तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अडत्याकडून, किराणावाल्याकडून नाहीतर सावकाराकडून आठ दिवसांच्या बोलीवर 90 हजार उचलतो. सोसायटीत भरतो, पावती घेतो. एप्रिलात नवं कर्ज निघतं. कमाल मर्यादा पत्रकात एकरी दर थोडा वाढलेला असतो, म्हणून लाखभर हातात येतात. त्यातून आधी आठ दिवसांवाल्याचे 90 आणि वर त्याचे तीन हजार. उरलेल्या सात हजारांत बियाणं, खत आणि वर्ष.

कागदावर सगळं झकास. जुनं फिटलं, नवं झालं, वसुली शंभर टक्के, सेक्रेटरीचा सत्कार. मला दोनदा शाल-नारळ मिळालं आहे. कशाबद्दल, ते दोन्ही वेळा मलाही ठाऊक होतं आणि टाळ्या वाजवणाऱ्यांनाही.

आता गंमत ऐका. 10 मार्च 2025 ला मुंबईत राज्याचा अर्थसंकल्प मांडला जात होता आणि मी कटिंगच्या दुकानात नंबर लावून बसलो होतो. टीव्ही सुरू होता. हाच धुऱ्याचा शेजारी गालाला साबण लावून खुर्चीत. एकूण खर्च 7 लाख कोटी, महसुली तूट 45,891 कोटी, राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार 235 कोटी, आणि राज्यावरचं कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाणार. त्यानं आरशातूनच मला विचारलं, माणशी किती? मी मनात भागाकार केला. सत्तर हजारांच्या वर.

"मंग ठीक हाय. माह्याहून कमीच हाय."

जरा वेळानं पुन्हा : "येवढं कर्ज सरकार फेडते कसं?"

"नवं काढते, जुनं फेडते."

"म्हंजे नवं-जुनं?"

"नवं-जुनंच."

न्हाव्याचा वस्तरा थांबला. शेजाऱ्यानं मान वळवून माझ्याकडे थेट पाहिलं. "मंग सेक्रेटरी, त्याले आठ दिवसाचे पैसे कोन देते?"

मी हुशारी करून उत्तर दिलं. रिझर्व्ह बँक मंगळवारी राज्यांच्या कर्जरोख्यांचा लिलाव करते, बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधीवाले ते रोखे घेतात, गावातल्या मास्तरांनी भरलेला विम्याचा हप्ताही फिरून फिरून तिथंच पोचतो. म्हणजे सरकारला कर्ज आपणच देतो, वगैरे. हे उत्तर खोटं नव्हतं, अपुरं होतं. किती अपुरं, ते समजायला पुढचे नऊ महिने आणि माझी ग्रॅच्युइटी खर्ची पडली. त्यावर येतो.

त्याआधी टीव्हीवरच्या तज्ज्ञांशी माझं थोडं भांडण आहे. अर्थसंकल्पाच्या दिवशी कुणीतरी हटकून म्हणतो, सरकारनं अंथरूण पाहून पाय पसरावेत. ही म्हण पगारदाराची आहे. कास्तकाराला पाय जूनमध्ये पसरावे लागतात आणि अंथरूण येतं डिसेंबरात, तेही आलं तर. कर्ज न काढता कोरडवाहू वावर पेरणारा माणूस माझ्या 33 वर्षांत मी पाहिला नाही. त्यामुळे कर्ज काढलं म्हणून आमच्याकडे कुणाला कुणी नावं ठेवत नाही. कर्ज कशासाठी काढलं, ते मात्र सगळं गाव विचारतं. विहिरीसाठी काढलेलं कर्ज एक, तेरवीसाठी काढलेलं दुसरं. विहिरीला पाणी लागलं तर ती स्वतःचं कर्ज फेडते. तेरवीचं जेवण संध्याकाळपर्यंत पचून जातं.

महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांतला फरक मला यापेक्षा सोपा सांगता येत नाही. रस्ते, धरणं, दवाखान्याच्या इमारती यांसाठी कर्ज काढलं तर राजकोषीय तूट दिसते, पण महसुली तूट नाही. महसुली तूट म्हणजे पगार, पेन्शन, व्याज आणि अनुदानं या रोजच्या तेल-मिठालाही आवक पुरली नाही, तेही उधारीवर आणलं. राज्याचं नुसतं व्याजच वर्षाला साठ हजार कोटींच्या वर गेलं आहे. मग जूनअखेर 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या आणि डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनात, आणखी 75,286 कोटींच्या. सगळ्याच काही नव्या खर्चाच्या नसतात, हिशेबाची जुळवाजुळवही असते. तरी मार्चात केलेलं बजेट डिसेंबरापर्यंत टिकत नाही, एवढं मात्र आमच्या घरासारखंच.

अर्थात विहीर म्हटली की पाणी लागतंच असंही नाही. आमच्या विदर्भात त्याचा पुरावा वैनगंगेवर उभा आहे. गोसीखुर्दची मूळ किंमत 372 कोटी. एप्रिल 1988 मध्ये राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. खर्चाचा आकडा पुढे 18 हजार कोटींच्या वर गेला. अडीच लाख हेक्टर भिजायचं होतं. ज्या वर्षी भूमिपूजन झालं त्याच्या आदल्या वर्षी मी नोकरीला लागलो, रिटायर झालो, कालव्यांची कामं चालूच. तेव्हा नुसता भांडवली खर्च म्हटला की डोळे झाकून टाळ्या वाजवायच्या, हेही आम्हाला जमत नाही.

सरकारनं स्वतःला एक कुंपण घालून घेतलं होतं. 2003 चा वित्तीय उत्तरदायित्वाचा कायदा : केंद्राची तूट जीडीपीच्या 3 टक्क्यांवर आणायची. पहिली मुदत 2008 च्या आसपासची होती. मग जागतिक मंदी आली, मुदत पुढे गेली. मग आणखी पुढे. 2020-21 मध्ये, करोनाच्या वर्षी, तूट 9.2 टक्के झाली. 2025-26 साठी लक्ष्य 4.4 टक्के आहे आणि ते गाठणं ही आता कौतुकाची गोष्ट झाली आहे. यात मला नवल वाटत नाही. गावाची पैसेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा सरकारी अंदाज, 50 च्या खाली आली की आम्ही पीककर्जाचं पुनर्गठन करायचो. एका वर्षाचं कर्ज तीन-पाच हप्त्यांत पाडायचं, मुदत ढकलायची, नाव तेच ठेवायचं. सरकारची पैसेवारी ठरवणाराही सरकारच, एवढाच फरक.

लाडक्या बहिणीबद्दल बोललं नाही तर वाचक म्हणतील टाळलं. टाळत नाही. माझ्या बायकोलाही मिळतात. जून 2024 च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली, महिन्याला 1500, 2025-26 साठी तरतूद 36 हजार कोटींची. माझ्यातला सेक्रेटरी म्हणतो ही तेरवी आहे, आणि तीही दर महिन्याची. पण आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानाची वही मी पाहिली आहे. लाल कापडी बांधणीची, घडीवर तेलाचे डाग. पूर्वी तिच्यात ओळी खोडल्या जायच्या त्या कापूस विकल्यावर, दिवाळीनंतर. आता जमा झाल्याचा मेसेज आला की दुसऱ्या दिवशी सात-आठ ओळींवर निळी रेघ. खोडलेल्या ओळी वाचता येतात : तेल, साखर, चहापत्ती, कंपास पेटी, डोकेदुखीच्या गोळ्या, पुन्हा तेल. या यादीत मौजेचा एक जिन्नस मला सापडला नाही. तो दुकानदार त्या पैशांतून पाणी सुटणाऱ्या पत्र्यांची दुरुस्ती करतो, पत्र्यावर चढणारा पोरगा त्याच मजुरीत मोबाइलचा रिचार्ज मारतो. पैसा गावात चार हात फिरतो आणि मग शहरात जातो. ही तेरवी असेल तर पंगतीत बसलेला माणूस खरोखर उपाशी होता.

आणि ही पंगतही आता पान पाहून वाढतात. सप्टेंबरपासून ई-केवायसी आली. नवऱ्याचा किंवा बापाचा आधार नंबर टाका, त्याच्या मोबाइलवर ओटीपी. आमच्या घराच्या स्लॅबवर रेंज बरी येते म्हणून महिनाभर बायाबापड्या जिना चढत होत्या. एक बाई फोन डोक्यावर धरून स्लॅबच्या चारही कोपऱ्यांत फिरली. नवरा वारलेला, बाप वारलेला, ओटीपी यायचा कुणाच्या फोनवर? माझी बायको तिला म्हणाली, "बस ओ बाई, चाय घे." नोव्हेंबरची मुदत मग 31 डिसेंबरपर्यंत वाढली.

फुकटच्या पैशाबद्दल नाक मुरडायचं झालं की मला माझी सासू आठवते. ती देऊळगाव राजाकडची. 1972 च्या दुष्काळात तिनं खडी फोडली. सगळा ढीग एका मापाच्या लाकडी चौकटीत भरायचा, मुकादम वरून हात फिरवायचा, खड्डा दिसला तर मजुरी कमी. डोळ्याला लागू नये म्हणून डोळे बारीक करून घण मारायचा, ती सवय तिला मरेपर्यंत राहिली. टीव्हीसुद्धा ती तसेच डोळे करून पाहायची. त्या खडीचे सगळे रस्ते झाले का? नाही झाले. कित्येक ढीग जागेवर गवतात गेले. हिशेबनीसाच्या लेखी तो वाया गेलेला खर्च. पण तिची तीन पोरं सुकडीवर आणि त्या मजुरीवर जगली, त्यातली एक माझी बायको. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ती रोजगार हमी पुढे 1977 मध्ये कायद्यात बसली आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाली. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला. आजही पगारपत्रकात महिन्याला 200 रुपये कापलेले दिसतात ना, ते मूळचे त्या खडीचे. म्हणजे खर्च काढला तर आवक कुठून आणायची, हे त्या काळच्या लोकांनी सांगून केलं होतं. ही गोष्ट मला त्या योजनेइतकीच मोठी वाटते. करोनात पुण्याहून चालत आलेल्या पोरांना याच हमीनं धरलं. 2020-21 मध्ये देशात मनरेगावर लाख कोटींहून जास्त खर्च झाला. आता डिसेंबर 2025 मध्ये तिच्या जागी नवा कायदा आला आहे. 100 ऐवजी 125 दिवस, पण मजुरीचा भार जो पूर्वी केंद्र उचलायचं त्यात 40 टक्के वाटा राज्याचा. दिवस वाढले हे चांगलंच. 40 टक्के कोणत्या खिशातून येणार, हे मी वर दिलेल्या आकड्यांकडे पाहत स्वतःला विचारतो.

आता 2008.

हे लिहायचं मी बरेच दिवस टाळलं. धुऱ्याच्या शेजाऱ्याचा बाप, त्याला मी तात्या म्हणायचो. साडेचार एकर कोरडवाहू. 2006-07 चं कर्ज थकलेलं. त्याआधीच, 2006 च्या जुलैत, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले होते, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं होतं, आणि आमच्याकडे जो तो पत्रकार मेलेल्यांच्या घरी फोटो काढून जात होता. जगलेल्यांच्या घरी मी जात होतो, यादी घेऊन. जानेवारी 2008 मध्ये मी तात्याच्या ओट्यावर तीनदा बसलो. म्हटलं, तात्या, तूर विका आणि भरून टाका, नाव नियमित राहील. त्यानं तूर विकली. पैसे रुमालात बांधून आणले, मी मोजून घेतले, पावती दिली.

29 फेब्रुवारीला पी. चिदंबरम यांनी लोकसभेत कर्जमाफी जाहीर केली. 60 हजार कोटींची, नंतर आकडा 71 हजारांच्या पुढे गेला. अट अशी : मार्च 2007 पर्यंत घेतलेलं, 31 डिसेंबर 2007 ला थकीत असलेलं, आणि 29 फेब्रुवारी 2008 पर्यंत न भरलेलं. दोन हेक्टरांच्या आतल्यांचं सगळं माफ. तात्या पहिल्या दोन अटींत बसत होता. तिसरीतून मी त्याला बाहेर काढलं होतं, पाच आठवडे आधी. जीप दिसली की जो कुत्रा सोडायचा, त्याचं सगळं गेलं.

तात्या सोसायटीत आला. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं बंडीच्या खिशातून पावती काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे सांभाळून ठेवू का फेकून देऊ, सेक्रेटरी?"

आमच्याकडच्या कित्येकांचं जे झालं ते वेगळंच. सात-आठ एकर कोरडवाहू असलेले कागदावर मोठे शेतकरी ठरले. ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याचे आठ एकर म्हणजे ओलितवाल्याचे दोन, हे दिल्लीला कुणी सांगितलं नसावं. नंतर 2017 ला राज्याची माफी आली, दीड लाखांपर्यंत; 2019 च्या डिसेंबरात दुसरी, दोन लाखांपर्यंत. नियमित भरणाऱ्यांना पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत, दुसऱ्या वेळी 50 हजारांपर्यंत प्रोत्साहन. दर वेळी तात्याचं पोरगं नियमितच्या रांगेत. बापाची पावती पाहूनही ते भरत राहिलं, याचं मला कोडं आहे.

2025 चा हंगाम थोडक्यात सांगतो, कारण तो सांगावासा वाटत नाही. सप्टेंबरात पाऊस वावरातून निघेना. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. सरकारनं ऑक्टोबरात 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. ऑगस्टात कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं होतं, ते आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत काढलेलंच राहिलं. लांब धाग्याचा हमीभाव 8,110, पण केंद्रावर ओलावा जास्त निघाला की गाडी परत. सोयाबीनचा हमीभाव 5,328, आणि मोंढ्यात त्याच्या खाली कितीही. ऑक्टोबरात देशाची महागाई 0.25 टक्क्यांवर आली म्हणून मोठी बातमी झाली. खाण्याच्या जिनसा तर आदल्या वर्षीपेक्षा 5 टक्क्यांनी स्वस्त. शहरातल्या माणसाला ती खुशखबर. आम्ही ती बातमी वाचली तेव्हा आमच्या लक्षात आलं, हे तर आपल्याच सोयाबीनचे भाव आहेत, फक्त दुसऱ्या बाजूनं छापलेले.

म्हणून 8.2 टक्क्यांवर मी हसायला उशीर केला. तो आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. मी फार आकडे जुळवले आहेत, मला माहीत आहे की जुळलेला आकडा खरा असू शकतो आणि तरी त्याच्या पोटात आठ दिवसांचे उसने असू शकतात.

आता ग्रॅच्युइटी.

केंद्रानं 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर केलं, 2024 पर्यंत घरोघरी नळ. आपल्या राज्यात निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. आमच्या गावालाही टाकी मंजूर झाली. मोठा ठेकेदार बाहेरचा, त्याच्या हाताखाली काम माझ्या जवायानं घेतलं. मीच म्हटलं होतं, घ्या, आपल्याच गावची टाकी आहे, डोळ्यापुढे राहील. पहिली दोन बिलं वेळेत निघाली. तिसऱ्याची मोजणी झाली, एमबीवर, म्हणजे कामाच्या मोजवहीवर, सही झाली, आणि बिल अडकलं. वरून निधी नाही. सळाखीवाला, सिमेंटवाला, मिस्त्री, सगळे त्याच्या दारात. पोरीचे दागिने गहाण पडले तेव्हा मला कळलं. मी माझे साडेचार लाख काढून दिले. "मामाजी, मार्चएंडले निघतेच," तो म्हणाला. तो मार्च गेला. दरम्यान केंद्राच्या बजेटात मिशनची मुदत 2028 पर्यंत वाढली. म्हणजे पुनर्गठन.

टाकी मात्र झकास झाली आहे. निळा रंग, वर पाणी वाचवायचं घोषवाक्य, पाखरं बसायला शिडी. विहिरीवरच्या पंपाला वीज जोडायची आहे, तो वेगळा विभाग. घरापुढच्या नळांना तोट्या बसल्या आहेत. गुडघाभर उंचीचे ते पाईप इतके मजबूत गाडलेत की आमच्या गल्लीत त्यांना बकऱ्या बांधतात. एक बोकड रोज हिसके देतो, पाईप हलत नाही. जवायाचं काम चांगलं आहे.

एका रात्री झोप येईना तेव्हा मी अर्थसंकल्पाचे ते आकडे पुन्हा काढले आणि जवायाचे 11 लाख त्यात शोधू लागलो. कर्जाच्या आकड्यात नव्हते. तुटीच्या आकड्यातही नव्हते. सरकारचा हिशेब रोखीवर चालतो : पैसा तिजोरीतून गेला तो खर्च. जो द्यायचा राहिला तो खर्च झालाच नाही. म्हणजे बिल जितकं थांबेल तितकी तूट कागदावर कमी. काम झालं, टाकी उभी राहिली, पण वहीत तिची ओळ अजून पडलेली नाही.

आरशातून विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री मिळालं. आठ दिवसांचे पैसे कोण देतं? रोखे घेणाऱ्याला सरकार विचारून कर्ज घेतं, व्याज देतं, तारीख देतं. बाकीचं न विचारता घेतं. बिल अडकलेल्या जवायाकडून, हप्ता लांबलेल्या घरकुलवाल्याकडून, दोन-दोन महिने मजुरीची वाट पाहणाऱ्या रोहयोच्या बाईकडून, मदतीची यादी लागायची वाट पाहणाऱ्या कास्तकाराकडून. पावती नाही, व्याज नाही, आणि आठ दिवसांचे अठरा महिने. आमच्या किराणावाल्याच्या वहीत निदान ओळ तरी असते.

परवा तुरीच्या शेंगा पाहायला वावरात गेलो होतो. धुऱ्यावर शेजारी उभा. ऑक्टोबरात बच्चू कडूंनी नागपूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर लावले, मग सरकारनं सांगितलं कर्जमाफीचा निर्णय 30 जून 2026 पर्यंत घेऊ. त्याच्या डोक्यात तेच घोळत होतं.

"सेक्रेटरी, माफी जूनमधी म्हंते. भरायची तारीख मार्चची. भरू का ठेवू?"

मी एक शेंग तोडली, सोलली, दाणे मोजले. चार होते. त्याचा बाप ओट्यावर रुमाल सोडताना मला दिसत होता.

"मले नको विचारू बापा," मी म्हटलं.

त्यानंही जोर केला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "मी भरूनच टाकतो म्हंतो. नवं-जुनं करून घेतो. फक्त आठ दिवसाचे लागतीन. सावकाराच्या दारी जायाचं जिवावर येते. तुमच्याजोळ हायेत का? ग्रॅच्युटीचे होते ना?"

"होते. टाकीत अडकले."

त्यानं कपाळावर हात धरून गावाकडे पाहिलं. उन्हात ती निळी टाकी लांबून फार छान दिसते.

"भरली म्हना मंग," तो म्हणाला.